काशातली झाडं

एका राज्यात राजा होता, पण धुक्यापायी राजाला प्रजा दिसेना आणि प्रजेला राजा. पूर्वी वेशीवरची काशाची थोरली घंटा वाजली, की धुकं उठून डोंगरापलीकडे जायचं. एका रुसलेल्या मांत्रिकानं ती घंटा फोडली नि शाप दिला, "तीनदा नवी ओता. तडकेल तेव्हा तेव्हा ओताऱ्याचं अंग काशाचं होत जाईल. अखंड वाजली, तरच सारं सुटेल."

रंगोजी ओताऱ्यानं पहिली घंटा ओतली. तडकली, पाय गुडघ्यापर्यंत काशाचे झाले. दुसऱ्या खेपेला त्यानं भट्टी दुप्पट पेटवली. तीही तडकली; कासं कमरेपर्यंत चढलं.

"बरं झालं," तो लेकीला म्हणाला, "आता विंचवाची भीती नाही."

म्हाळसा हसली नाही. तिसरी तडकली, तर कासं बापाच्या काळजाला भिडणार होतं.

तेवढ्यात भट्टीवरच्या उंबरावरून तांबट पक्षी बोलला, "टुक टुक, तडकेल."

"का तडकेल ते सांग."

पक्ष्यानं चोचीतलं उंबर तिच्या पापण्यांवर पिळलं. मुशीत उरलेलं कासं निवत होतं. म्हाळसाला त्याच्या आतलं दिसू लागलं. कडेकडेनं झाडं उगवत होती. खोड, खोडाला फांद्या, फांदीला फांद्या; पान एकही नाही. चारदोनच होती, म्हणून ऐसपैस वाढली, मध्यावर येऊन भिडली, आणि भिडली तिथंच फट राहिली.

"बी थोडं, म्हणून झाडं थोर," पक्षी म्हणाला. "तुझ्या बापानं भिऊन आग वाढवली. होतं नव्हतं ते बीही विरघळलं."

"बी कुठं मिळेल?"

"मांत्रिकानं फोडलेल्या जुन्या घंटेत."

तिचे फुटके तुकडे अशुभ म्हणून डोहात बुडवले होते. म्हाळसानं बुडी मारली. हाती गाळ आला. दुसरीत शेवाळ आलं. तिसरीत तुकडा आला. तो कानशीनं घासून तिनं कीस केला.

रंगोजी कडाडला, "फुटकं भट्टीजवळ आणू नये, ही आपल्या घराची रीत!"

"रीत पाळूनच कमरेपर्यंत काशाचे झालात ना, बाबा?"

राजा धुक्यातून चाचपडत भट्टीपाशी आला होता. त्यानं विचारलं, "मुली, बाप अर्धा गेला. उरलेला पणाला लावतेस?"

"गेलेला परत आणते आहे, महाराज."

तिनं आग बेताची ठेवली. रसात मुठीनं कीस पेरला, ढवळला आणि रस लगेच साच्यात ओतला. आत लाखो कोंब उठले, भाताच्या तरव्यातल्या रोपांसारखे दाट, खांद्याला खांदा लावून. फांदी पसरायला जागाच नव्हती.

साचा फोडला. घंटा अखंड होती. राजानं स्वतः टोल दिला.

धुकं उठलं आणि शापासकट डोंगरापलीकडे गेलं. राजाला प्रजा दिसली. प्रजेला राजा दिसला; थोडा पिकलेला, पण तोच.

"म्हाळसे!" रंगोजी ओरडला. "पायांना मुंग्या आल्या गं!"

"मग आता विंचवाला भ्या," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं हसली.