झिपरूची नाकेबंदी

एका गावात एक भोळा नाकेदार होता. गावकरी त्याच्याहून भोळे, कारण नाक्यावर त्याला बसवलं होतं त्यांनीच. त्याचं नाव झिपरू.

शेजारच्या वजरगडच्या राजाला लढाईची खाज सुटली. त्यानं पलीकडच्या आंबेवाडीवर फौज घातली. आंबेवाडीत झिपरूची ठकूआक्का नांदत होती. दिवाळी तोंडावर आली आणि वाट बंद. आक्काशिवाय भाऊबीज कसली? झिपरूला घास गोड लागेना.

आसपासच्या गावांनी एकी केली. कारभारी मल्हारबा नाक्यावर आले.

"झिपऱ्या, वजरगडशी देणंघेणं बंद. आपलं तिकडं जाऊ द्यायचं न्हाई, तिकडचं आपण घ्यायचं न्हाई. राजाचं जेवण अळणी झालं की लढाई आपसूक थांबंल."

"मग आक्का येईल?"

"येईल की."

"मग मुंगीबी जाऊ देत न्हाई."

मिठाची गाडी आली. झिपरूनं अडवली, मीठ नाक्याच्या कोठीत टाकलं. झकास. मागोमाग बाजाराला आलेले वजरगडचे शिपाई घरी निघाले. त्यांनाही अडवलं. शिपाई गावातच राहिले आणि घरोघरच्या भाकऱ्या फस्त करू लागले.

"अरं, माल अडवायचा," मल्हारबा म्हणाले. "माणूस जाऊ द्यायचा."

"असं व्हय."

मग तहाचं बोलायला गावांचे वकील निघाले. जरीची पगडी, रेशमी धोतर. झिपरूनं माणूस जाऊ दिला. पगडी, अंगरखा, धोतर मात्र कोठीत टाकलं. वकील लंगोटीवर दरबारात उभे राहिले. राजा हसून हसून लोळला. ज्यांना नेसायला नाही ते आपली काय कोंडी करणार, म्हणून त्यानं लढाई आणखी जोरात चालवली.

मल्हारबांनी कपाळ बडवलं. "अंगावरचं जाऊ द्यावं, बाबा."

"आधी सांगायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. पोटाला मिठाच्या गोण्या, पाठीला तेलाचे बुधले, कमरेला तलवारींचा जुडगा.

"समदं अंगावरचंच?" झिपरूनं विचारलं.

"अंगावरचंच."

"मग जावा की. सांभाळून, पुढं चढ हाय."

मल्हारबा तीन दिवस डोकं धरून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "अंगावर असो, न्हाईतर डोईवर. सगळं उतरवून घे."

त्या दिवसापासून कोठी भरू लागली. मीठ, तेल, गूळ, तलवारी. एक उपाशी म्हातारी वजरगडला लेकीकडे निघाली होती. झिपरूनं तिची शिदोरीही उतरवली. म्हातारीनं गावभर बोंब ठोकली.

"भुकेल्याला रित्या हातानं धाडू नये रं," मल्हारबा कळवळून म्हणाले. "पाप लागतं."

झिपरूनं कान धरले.

इकडे वजरगडात मीठ संपलं. तेल संपलं. शिपाई अळणी आमटीवर लढेनात. अखेर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी निरोप आला, राजा शरण येतोय. मल्हारबा हार, ताशे, पंचमंडळी घेऊन नाक्याकडे धावले.

नाक्यावर झिपरू एकटाच, मिशीला पीळ देत बसला होता. मागं कोठीचं दार सताड उघडं.

"राजा आला न्हाई?"

"आलता की. गेला."

"गेला? कुठं?"

"वजरगडला. लई चिकट गडी. तलवार पुढं धरून म्हणतो, ही घ्या, माझी हार घ्या. म्हटलं, तुझी हार तुझ्यापाशी ठेव, तिकडचं आम्ही काय घेत न्हाई. पाया पडला, पर म्या हात लावला न्हाई."

ताशेवाले थांबले. मल्हारबांच्या हातातला हार खाली पडला.

"आन् कोठी?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"त्यो रडाय लागला. दोन दिसांचा उपाशी होता. रित्या हातानं कसा धाडू? पाप लागतं." झिपरू समाधानानं हसला. "समदी कोठी दिली. मीठ, तेल, गूळ, तलवारीसुदिक. वकिलांची पगडी त्याच्या डोक्याला बरूबर बसली."

लांबून वजरगडच्या बाजूनं रणशिंग वाजलं.

झिपरूनं वाटेकडं मान उंचावली.

"कारभारी, उद्या आक्का येईल न्हवं?"