मिरी मुंगी आणि फुस्स झालेलं मशीन

ऐका हं! तारेच्या कुंपणापाशी, एका विटेखाली, एक मुंगी राहायची. काळी काळी, इवली इवली. नाव तिचं मिरी.

एकदा मिरीला सापडला साबुदाणा. पांढरा पांढरा, गोल गोल. मिरीने तो डोक्यावर घेतला आणि निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु!

वाटेत लागली ठेच. दाणा सुटला. गडगड गडगड... गवतात गुडुप!

मिरीने इकडे शोधलं. मिरीने तिकडे शोधलं. गवत तर केवढं उंच! मिरीला रडूच आलं. मग तिने डोळे पुसले.

"गवता गवता, सर की! मिरीचा दाणा मिळेना!"

गवत म्हणालं, "मी नाही सरणार. आधी मशीन चालू दे."

मिरी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

अंगणात बसल्या होत्या शालनकाकू. समोर गवत कापायचं मशीन. काकूंनी दोरी ओढली. खर्रर्र... फुस्स! पुन्हा ओढली. खर्रर्र... फुस्स!

शेजारचे नाना कुंपणापलीकडून म्हणाले, "दुकानात द्या, वहिनी. खोललंत तर पुन्हा जुळायचं नाही!"

"का नाही जुळायचं? मी खोलीन, मीच जोडीन," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला. हातात पाना घेतला.

मिरी म्हणाली, "मशीनदादा मशीनदादा, चाल की! गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

मशीन म्हणालं, "मी नाही चालणार. आधी पातं फिरू दे."

काकूंनी पाना फिरवला. कर्र कर्र कर्र! पातं निघालं. काकूंनी ते जुन्या चादरीवर ठेवलं.

"पात्या पात्या, फिर की! मशीन चालेना, गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

पातं म्हणालं, "मी नाही फिरणार. आधी पिस्टन हलू दे."

कर्र कर्र कर्र! झाकण निघालं. आत बसला होता पिस्टन. वाटीएवढा, तेलाने माखलेला.

"पिस्टनभाऊ पिस्टनभाऊ, हल की! पातं फिरेना, मशीन चालेना, गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

पिस्टन म्हणाला, "मी नाही हलणार. आधी प्लग पेटू दे."

कर्र कर्र कर्र! प्लग निघाला. तोंड त्याचं काळं काळं. काकूंनी ब्रशने घासलं. घासघूस घासघूस!

"प्लगभाऊ प्लगभाऊ, पेट की! पिस्टन हलेना, पातं फिरेना, मशीन चालेना, गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

प्लग म्हणाला, "मी नाही पेटणार. आधी पेट्रोल येऊ दे."

पेट्रोल काकूंनी आधीच बाटलीत काढून ठेवलं होतं.

"पेट्रोलदादा पेट्रोलदादा, ये की! प्लग पेटेना, पिस्टन हलेना, पातं फिरेना, मशीन चालेना, गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

पेट्रोल म्हणालं, "मी नाही येणार. आधी नळी उघडू दे."

काकूंनी अजून एक डबी खोलली. टुक्! बाहेर आली पितळेची नळी. बोटाच्या पेराएवढी.

"नळीताई नळीताई, उघड की! पेट्रोल येईना, प्लग पेटेना, पिस्टन हलेना, पातं फिरेना, मशीन चालेना, गवत सरेना, मिरीचा दाणा मिळेना!"

नळी म्हणाली, "कशी उघडू गं? माझ्या पोटात कचरा अडकलाय!"

काकूंनी फुंकर मारली. फू फू! कचरा हलेना. खराट्याची काडी घातली. काडी जाडी, जाईच ना!

काकूंनी चादरीकडे पाहिलं. केवढे सुटे भाग!

"काकू काकू, मी जाऊ आत?"

"तू? आत वास येईल हं, मिरे."

"नाक दाबीन!"

मिरी आत शिरली. आत अंधार. समोर मातीचा गोळा. मिरीने डोकं लावलं. हैशा! हलेना. पुन्हा लावलं. हैशा! हलेना. सगळे सहा पाय रोवले. हैऽऽऽशा!

पुक्! गोळा बाहेर. मागून मिरी बाहेर.

काकूंनी नळी डोळ्याला लावली. नळीतून पलीकडचे नाना दिसले!

"शाब्बास गं माझी मिरी!"

मग काकू जोडायला बसल्या. नळी बसली. टुक्! प्लग बसला. झाकण बसलं. पातं बसलं. कर्र कर्र कर्र! पेट्रोल ओतलं. बुडबुड बुडबुड! चादरीवर काही उरलं का? काही नाही उरलं!

"मिरे, तू पायरीवर थांब हं."

काकूंनी दोरी ओढली. खर्रर्र... खर्रर्र... भुर्रर्रर्र!

नळी उघडली, पेट्रोल आलं, प्लग पेटला, पिस्टन हलला, पातं फिरलं, मशीन चाललं, गवत सरलं, मिरीला दाणा मिळाला! मातीत पडला होता, चमचम करत.

काकूंच्या कपाळावर काळा डाग. पण हसू केवढं! नाना म्हणाले, "वहिनी, आमचा पंप पण बिघडलाय. बघाल का?"

"आणा की," काकू म्हणाल्या.

मिरीने दाणा डोक्यावर घेतला. तुरुतुरु तुरुतुरु, थेट घरी!

"एवढा उशीर? कुठे होतीस?" सगळ्या मुंग्यांनी विचारलं.

मिरी मान ताठ करून म्हणाली, "मशीन दुरुस्त करत होते. काकू आणि मी!"

मग सगळ्यांनी मिळून दाणा खाल्ला.

दाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात!