डोक्यावरचा तराफा

फार फार पूर्वी, पार तिकडे आफ्रिकेत, एका रुंद नदीच्या काठी एक कोळी राहत होता. अंगानं धट्टाकट्टा, पण भारी उतावळा!

त्या काठावर पाण्यातच अंबाच नावाचं एक झाड वाढे. खोड मांडीएवढं जाड, पण वजनाला कसं? आपल्याकडे बाशिंगाला भेंड लावतात ना, तसं हलकंफूल! गावकरी त्याची बसायला स्टुलं करत, त्याचे तुकडे जाळ्यांना बांधून जाळी तरंगती ठेवत आणि त्याच्याच मोळ्या आवळून तराफे करत. मात्र हे लाकूड पाणी पितं. म्हणून काम झालं की तराफा काठावर काढून उन्हात उभा करायचा, अशी तिथली रीत.

पूर ओसरला की दरवर्षी तराफ्यांची शर्यत लागे. नदी ओलांडायची, पलीकडे तराफा डोक्यावर घेऊन चिंचेला वळसा घालायचा आणि परत यायचं. जिंकेल त्याला मासळीच्या डोहात वर्षभर पहिलं जाळं टाकायचा मान! कोळ्याची जाळी कित्येक महिने रिकामी येत होती, चूल पेटायची मारामार झाली होती. यंदा त्याला जिंकायचंच होतं.

आदल्या दिवशी तो पहाटेपासून वल्हवत सुटला. बायको काठावरून ओरडली, "अहो, पुरे आता! तराफा बाहेर काढा, वाळू दे त्याला."

"वाळवत बसून कुणी शर्यत जिंकलीय का? ती शेजारची आजी बघ, खुशाल झोपा काढतेय!"

खरंच, आजी आपला तराफा उन्हात उभा करून सावलीत घोरत पडली होती. कोळ्याला हसू आवरेना. संध्याकाळी त्यानं तराफा पाण्यातच बांधून ठेवला, उजाडताच पुन्हा सराव करायला.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला. अहाहा, काय ती गर्दी, काय तो आरडाओरडा! तराफा पाण्यात खोल बसला होता, तरी कोळी हात मोडेस्तोवर वल्हवत राहिला. "शाब्बास रे पठ्ठ्या!" लोक ओरडले. पलीकडे तो सगळ्यांच्या आधी पोचला. त्यानं उडी मारली, तराफ्याला हात घातला आणि काय सांगावं, तराफा जागचा हलेना! त्यानं जोर लावला, कुंथला आणि धपकन चिखलात आपटला.

तेवढ्यात आजी पोचली. तिनं तराफा टोपलीसारखा डोक्यावर घेतला. "जरा सरक रे बाबा," म्हणाली आणि तुरुतुरु चिंचेला वळसा घालून आलीसुद्धा!

आजी जिंकली. कोळ्याला रडू कोसळलं.

"अरे, वल्हवावं तर तूच," आजी म्हणाली. "पण त्या बिचाऱ्याला काल घटकाभर तरी पाण्याबाहेर काढायचंस! उद्या माझ्याबरोबर डोहावर ये. माझ्या जाळ्याशेजारी तुझंही टाक. चूल पेटायला हवी ना?"

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी कोळी काठावर हातपाय पसरून पडला होता, शेजारी त्याचा तराफा उभा.

बायको म्हणाली, "अहो, सराव नाही का करायचा?"

"झाला की! आता आम्ही दोघं वाळतोय."

तात्पर्य काय, तर मेहनतीला वेळेवर विसावा दिला नाही, की तीच मेहनत ऐन वेळी जड होते.