टिल्लीची आठवी खुंटी

ही गोष्ट जुनी आहे. फार जुनी. एक होती उंदरी. तिचं नाव टिल्ली. तिच्याकडे होती विणायची पट्टी. पट्टीवर होत्या खुंट्या. सात होत्या, की आठ? आठवतंय असं की आठ. पण आठवणीचा काय भरवसा? चला, टिल्लीलाच विचारू.

टिल्ली विणत होती बंडी. लाल लोकरीची बंडी.

खुंटीला एक वळसा. वर दुसरा वळसा. खालचा वळसा उचल. वरच्यावरून उडव. टुणुक!
पुढची खुंटी. टुणुक!
त्याच्या पुढची. टुणुक!

पोटाचा तुकडा झाला. टिल्लीनं तो पोटावर बांधला. पोट झालं गरम. आता राहिला पाठीचा तुकडा. मग दोन्ही जोडायचे, की झाली बंडी!

टिल्ली दाणा खायला गेली. परत आली. बघते तर काय! एक खुंटी गायब! तिथे नुसतं भोक. भोकाशेजारी कोंबडीचं पीस.

टिल्लीच्या मिशा थरथरल्या. नाक लाल झालं.
"माझी खुंटी! मला न विचारता!"

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली कोंबडीकडे.
खुंटी होती खुराड्याच्या दाराला. कडीत घातलेली.
"कोंबडीमावशी, माझी खुंटी दे!"
"क्वाक! एवढीशी तर खुंटी! सात आहेत ना? सातांवर विण."
"आठ होत्या! पोटाला आठ टाके, तर पाठीला आठ टाके. सात विणले तर एक टाका एकटा राहील. त्याला जोडी कोण?"
"ते मला नको सांगू. माझी काडी मेंढीनं नेली. दार उघडं राहिलं तर मुंगूस येईल. आधी काडी आण, मग खुंटी देते."

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली मेंढीकडे. मेंढी बांधलेली होती. कशाला? इवल्याशा काडीला!
"मेंढीकाकू, मेंढीकाकू!
कोंबडी खुंटी देत नाही,
माझी बंडी होत नाही.
पोट गरम, पाठ गार!
हा कुठला न्याय?"

"बँऽऽ! हळू बोल गं. काडी उपटेल."
"मग सुटशील की!"
"नको गं बाई. बांधल्याशिवाय मला झोप येत नाही. माझा खुंटा गाढवानं नेला. आधी खुंटा आण, मग काडी देते. आणि तुझ्या खुंट्या सातच होत्या हं!"
"आठ!" टिल्लीनं पाय आपटला.

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली गाढवाकडे. गाढव वाकून उभं होतं. डोक्यावर छप्पर. छपराला टेकू खुंट्याचा. खुंटा फारच आखूड!
"गाढवमामा, गाढवमामा!
मेंढी काडी देत नाही,
कोंबडी खुंटी देत नाही,
माझी बंडी होत नाही.
पोट गरम, पाठ गार!
हा कुठला न्याय?"

"हाँ ही! हाँ ही! तुझी पाठ गार, माझी पाठ वाकडी! छपराची काठी म्हशीनं नेली. आधी काठी आण, मग खुंटा देतो. आणि सात काय, आठ काय? एवढंसं भांडण!"
"एवढीशी खुंटी! एवढंसं भांडण! मी एवढीशी म्हणून न विचारता घ्यायचं?"
गाढवानं कान पाडले.

तुरु तुरु तुरु. टिल्ली गेली म्हशीकडे. म्हैस केवढी! डोंगराएवढी! टिल्ली शेणाच्या गोवरीवर चढली. उंच झाली. थोडीशीच.
"म्हैसआत्या, म्हैसआत्या!
गाढव खुंटा देत नाही,
मेंढी काडी देत नाही,
कोंबडी खुंटी देत नाही,
माझी बंडी होत नाही.
पोट गरम, पाठ गार!
हा कुठला न्याय?"

म्हैस रवंथ करत होती. कचर कचर. कचर कचर.
"माझी झूल बघ, टिल्ले. फाटली. दोन तुकडे झाले. काठीवर ओवून धरलेत. काठी काढली की झूल पडली. झूल पडली की माझीही पाठ गार! आधी झूल जोड, मग काठी देते."

"कोण जोडणार?"
"मला काय ठाऊक? मला शिंगं आहेत. बोटं नाहीत."

टिल्लीनं झुलीकडे पाहिलं. इकडे एक कड. तिकडे एक कड. मग तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. इवलीशी बोटं! मग काखेतल्या लाल लोकरीकडे पाहिलं. लोकर थोडीच होती. झुलीला लावली तर पाठीला पुरेल?

"न विचारता तुम्ही घेता. आणि जोडायचं मी!"
टिल्ली फुरफुरली. पण तिनं बाभळीच्या काट्याची सुई काढली. सुईत लोकर ओवली. सरसर चढली म्हशीच्या पाठीवर.

इकडचा एक टाका. तिकडचा एक टाका. दोरा ओढ. सर्रर्र!
इकडचा एक. तिकडचा एक. सर्रर्र!
कडेला कड भिडली. झूल झाली एक!

मग काय!
म्हशीनं काठी दिली.
गाढवानं काठी लावली, छप्पर वर गेलं. खुंटा दिला.
मेंढीनं खुंटा ठोकला, दावं बांधलं. काडी दिली.
"आणि माझी लोकर संपत आली, तिचं काय?" टिल्ली म्हणाली.
मेंढी लाजली. तिनं काळ्या लोकरीचा झुपका दिला. टिल्लीनं पीळ घातला. गरगर गरगर. झाला दोरा!
कोंबडीनं काडी कडीत घातली. आणि खुंटी दिली.
"घे बाई. चुकलंच माझं. पुढच्या वेळी विचारीन."
"विचारलंस तर कदाचित देईनही," टिल्ली म्हणाली. "कदाचित!"

खुंटी भोकात बसली. टक्!
टुणुक! टुणुक! टुणुक!
पाठीचा तुकडा झाला. खाली लाल, वर काळा.

मग जोडायचं. खांद्याला इकडे तीन टाके. सर्रर्र! तिकडे तीन टाके. सर्रर्र! मधे दोन मोकळे. कशाला? डोकं घालायला! मग दोन्ही कुशी शिवल्या. पाय घालायला थोडी जागा ठेवली.

टिल्लीनं डोकं घातलं. फुळुक!
पोट गरम! पाठ गरम!

कोंबडी हळूच म्हणाली, "पण सातच होत्या ना गं?"
टिल्लीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

पुष्कळ वर्षं गेली. ती पट्टी गोठ्यात सापडली, कडब्याच्या खाली. खुंट्या कधीच गळून गेल्या होत्या. भोकं तेवढी राहिली होती. ती बोट ठेवून मोजली.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात...
आठ.