डब्यात उरलेले लाडू

एका गावात वच्छीकाकू राहत. गावातल्या निम्म्या बाळांना त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. आता कंबर धरायची, हात दुखायचे, पण कुणी नको म्हटलं तरी त्या जायच्याच.

शेजारच्या हेमांगीच्या लेकीला सहाव्या महिन्यात अंगावर चट्टे उठले. खाजवून खाजवून कातडी फाटायची. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, मलमाशिवाय काही लावू नका. पण हेमांगी अंगणवाडीत कामाला गेली की पोर काकूंकडे असे. मलमावर काकूंचा विश्वास नव्हता. त्या गुपचूप साईत बेसन कालवून चट्ट्यांवर चोळत.

पहिल्या वाढदिवसाला अंगणात मांडव घातला, आणि काकूंनीच बेसनाचे लाडू केले. पोरीला बोटभर चाटवला. घटकाभरात तिचे ओठ सुजले, उलटी झाली, छाती घरघरू लागली. रिक्षा करून दवाखाना गाठला. इंजेक्शन दिल्यावर श्वास मोकळा झाला.

"बेसन आधी कधी दिलं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही हो, आज पहिल्यांदाच. मांडवाच्या धुळीनं झालं असेल," हेमांगी म्हणाली.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण घरी अर्धा डबा लाडू उरले होते, आणि हेमांगीनं ते उद्या पुन्हा भरवले असते.

"खाल्लं नाही, पण अंगाला लागलंय," त्या हळूच म्हणाल्या. "सहा महिने मी चोळत होते."

हेमांगीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "कातडीत राखणदार पेशी असतात, काकू. भिंत फोडून आलेला त्यांना चोरच वाटतो. फाटक्या कातडीतून शिरलेलं पीठ त्यांनी ध्यानात ठेवलं असणार. आज तेच तोंडावाटे आलं, तर पोटातले, छातीतले सगळे राखणदार एकदम उठले. त्या धावपळीत पोरीचाच जीव कोंडला. तपासणी करू. तोवर बेसन बंद."

"मेले असले कसले राखणदार," हेमांगी म्हणाली.

"वाईट नाहीत गं. जीव तोडून राखतात, पण थांबून विचारत नाहीत."

काकूंनी मान खाली घातली.

तीन दिवस पोर हेमांगीबरोबर अंगणवाडीत गेली. चौथ्या दिवशी हेमांगी काकूंच्या दारात आली. डोळे जागरणानं ओढलेले, कडेवर पोर, हातात मलमाची ट्यूब.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "मग घ्या हिला."

काकूंनी हात दोनदा धुतले.

तात्पर्य: नुसती माया पुरत नाही, विचारून करावं लागतं, आणि चुकलंच तर आपली लाज राखण्याआधी दुसऱ्याचा जीव राखावा.