पौषातला घाव

माझे शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्दही साधेच येतात, कारण गुरुगृह मी अर्ध्यावर सोडले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. चारचौघांत मला बोलता येत नाही, पण मनातला राग जाईना, म्हणून लिहितो.

एका राज्यात, जिथे हिवाळ्यात ऊनसुद्धा गारच पडते, निषधसेन नावाचा राजा होता. तो माझा थोरला भाऊ. मेखला आमची बहीण. कर्कट नावाच्या मांत्रिकाने तिला मागणी घातली, तेव्हा दादाने भर दरबारात त्याची टिंगल करून त्याला हाकलले. कर्कटाने जाता जाता मूठभर राख फुंकली, आणि मेखला उभी होती तिथेच झाड झाली. जाड, रसाळ पानांचे, अंगात पाणी साठवणारे झाड.

“शेंडा कापून नीट रुजवाल, तर परत मिळेल,” कर्कट म्हणाला. “कुजवाल, तर मातीला जाईल.”

दादाला धीर कुठला! ऐन पौषात, पाहुण्या राजांसमोर, “आधी फांदीवर करून पाहू,” म्हणत त्याने तलवारीने डावी फांदी छाटली. आमच्या घराण्यात कापलेल्या झाडाला अभिषेक करायची रीत. पुरोहितांनी फांदीवर आणि खोडाच्या घावावर दूधपाणी ओतले. रोज ओतले. त्या थंडीत घाव सुकेलच कसा? फांदी काळी पडून सडली आणि खोडातही काळे शिरले. ते वर, शेंड्याकडे चढू लागले.

दादा म्हणाला, “अभिषेक कमी पडला. घागरी वाढवा!”

मी खांबाआड उभा राहून दातओठ खात होतो. तेवढ्यात कठड्यावर एक तांबट पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

“राजपुत्रा, बहीण हवी की नुसता राग हवा?”

“बहीण हवी.”

“मग तीन कामे कर. पहिले, पाणी बंद कर आणि थांब. कोरडे राहिले की काळे हळू चढते. थंडीत हे झाड झोपलेले असते, त्याला घाव भरता येत नाही. ऊन तापेल, शेंड्याला कोवळी पाने फुटतील, तेव्हा हत्यार घे. दुसरे, पाते जाळावर धरून निवव आणि काळ्याच्या वर, पेराजवळ, एका झटक्यात काप. आत एक जरी काळा ठिपका दिसला, तरी आणखी वर काप. तिसरे, कापल्यावर घाव सुकेपर्यंत काही करू नकोस.”

“हे कसले काम?”

“हेच अवघड आहे,” तांबट म्हणाला आणि उडून गेला.

मी झाडापुढे आडवा उभा राहिलो. पुरोहित घागरी घेऊन आले. मुख्य पुरोहित हसले. “युवराज, मंत्र तर पाठ झाले नाहीत, आता झाडांचे वैद्य झालात?”

मी त्यांच्या हातची घागर हिसकली आणि फरशीवर आपटली. त्यानंतर कोणी पुढे आले नाही. थंडी सरेपर्यंत मी तिथून हललो नाही.

ऊन तापले. शेंड्याला दोन पाने फुटली. मी पाते जाळावर धरले, निववले आणि कापले. आत काळा ठिपका होता. आणखी वर कापले. आत स्वच्छ, हिरवे. आता वीतभरच मेखला उरली होती.

तो तुकडा मी सावलीत, कोरड्या फळीवर ठेवला. पाने सुरकुतू लागली, तसा दादा धावत आला.

“तहानेने मारतोस तिला! पाणी दे!”

“नाही.”

“ही राजाज्ञा आहे!”

“तुझ्या आज्ञेनेच तिची फांदी सडली, दादा! घावाला खपली धरू दे. ओला घाव मातीत गेला, की सडलाच. एक थेंब सांडलास, तर तू राजा आहेस हे मी विसरेन!”

उभ्या जन्मात मी इतके बोललो नव्हतो. दादा मागे सरला.

घाव सुकला, त्यावर कोरडी साल आली. मग मी वाळू-खड्यांच्या भुसभुशीत मातीत तो तुकडा रोवला. पाणी तेव्हाही दिले नाही. काही दिवसांनी हलक्या हाताने ओढून पाहिले आणि तो मातीला धरून राहिला, तेव्हा पहिली ओंजळ घातली.

माती हलली, आणि मेखला उठून उभी राहिली. त्याच क्षणी डोंगरापलीकडे कर्कटाची राख झाली. राज्यात नगारे वाजले. दादाने अभिषेकाची रीत मोडल्याची दवंडी पिटवली.

पण मेखलेला डावा हात नव्हता. फांदी गेली, तिथे खांदा नुसताच गुळगुळीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणी घेऊन तिच्यामागे बसलो, कारण एका हाताने तिला वेणी घालता येत नव्हती. मलाही येत नव्हती.

“ओढतोस किती रे!” ती म्हणाली.

दादा दाराशी येऊन उभा राहिला. मी मान वर केली नाही. पेडावर पेड घालत राहिलो.