जोंधळी आणि बाभळीची तीन फुलं

सात टेकड्यांच्या पलीकडे एक राज्य होतं. तिथलं गवत इतकं मऊ, की ससुल्यांना झोपायला गादी लागत नसे. पण सगुणाच्या मेंढरांच्या वाट्याला त्यातली काडीही येत नव्हती. सगुणाचं घर चालतंफिरतं होतं. बा पुढे, मेंढरं मध्ये, आय मागे आणि जोंधळी घोडीच्या पाठीवर सगळा संसार. तवा, घोंगड्या, दोन कोंबड्या आणि दमलेलं एखादं कोकरू.

त्या वर्षी माळ करपले. मेंढ्यांना चारा नाही, मग दूध कुठलं? इवली इवली कोकरं आईला ढुशा देत आणि उपाशीच झोपत. सगुणाला ते बघवत नसे.

अशात दवंडी आली. राजाने तीस कोसांची घोडदौड ठेवली होती. जिंकेल त्याला नदीकाठचं हिरवंगार कुरण, कायमचं!

पण नुसतं पळून भागणार नव्हतं. वाटेत दोन चौक्या होत्या. तिथे आणि शेवटी अश्ववैद्य घोड्याच्या छातीला कान लावणार आणि भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडणार. वाटी बुडायच्या आत ठोके शांत झाले नाहीत तर घोडा बाद. शेवटी आणखी एक परीक्षा. स्वाराने लगाम सोडून वीस पावलं चालायचं आणि घोड्याने आपण होऊन त्याच्या मागे जायचं. सगळं पार करणाऱ्यांत जो आधी पोचेल, तो जिंकला.

"आपली जोंधळी तवा-घोंगड्या वाहनारी. ती काय पळनार?" बा म्हणाला.

"वाहती म्हनूनच तर!" आय ठसक्यात म्हणाली. "तीस कोस तिला नवं हायती व्हय? सगू हलकी हाय, ती बसंल. आपन दोघं आडवाटेनं चौक्या गाठू. चारापानी, अंग चोळनं आपल्याकडं."

दौडीच्या दिवशी पहाटे सगुणा जोंधळीसाठी शेंगा आणायला बाभळीच्या बनात गेली. सगळं बन सोनेरी गोंड्यांनी लखलखत होतं. त्यातला एक गोंडा चक्क रडत होता! ती होती अंगठ्याएवढी पिवळीधम्मक परी, आणि तिचा चिमुकला पंख काट्यात अडकला होता. सगुणाच्या बोटात तीन काटे रुतले, पण पंख अलगद सुटला.

"तीन काटे, तीन फुलं," परी गोड हसली आणि तिने तीन सोनेरी गोंडे सगुणाच्या ओंजळीत टाकले. "एका फुलाला एक इच्छा. पण आधी घोडीच्या कानात सांगायची. तिनं मान डोलावली तरच ती खरी होईल. आणि 'मला जिंकू दे' म्हणालीस, तर फुलं तिथल्या तिथे वाळतील."

परतल्यावर सगुणाने आय-बाला सगळं सांगितलं. मग नगारा वाजला आणि साठ घोडे उधळले. सगळ्यांत पुढे सरदारपुत्र उदाजी, त्याच्या कापूर नावाच्या शुभ्र घोड्यावर. आणि आपली सगुणा? पहिला चढ येताच ती खाली उतरून चालू लागली! चढाला घोडीवर बसायचं नाही, अशी तिच्या घरची रीतच होती.

"घोडीला शर्यतीला आणलंयस की फिरायला?" उदाजी ओरडला.

"दोन्हीला!" सगुणा म्हणाली.

पहिल्या चौकीची विहीर कोरडी ठाक होती. सगळे घोडे तहानेने फुरफुरत होते. सगुणाने जोंधळीच्या कानात काही सांगितलं, जोंधळीने मान डोलावली आणि विहीर निळ्याशार पाण्याने काठोकाठ भरली. सगळे घोडे प्यायले, कापूरसुद्धा.

पुढे पायवाटेवरच टिटवीची ठिपक्यांची अंडी होती आणि मागून टापा येत होत्या. दुसरं फूल तिथे खर्ची पडलं. टकटक टकटक! अंडी फुटली आणि चार भुरी पिल्लं भुर्रकन उडाली.

दुसऱ्या चौकीवर आय आणि बा बादली घेऊन हजर. दोघांनी जोंधळीला इतकं चोळलं, की वाटी निम्मी भरायच्या आत तिची छाती शांत. तोवर निम्मे घोडे बाद झाले होते.

शेवटी मोठा घाट होता. उदाजीने चाबूक ओढला आणि कापूरला वर पिटाळलं. सगुणा घोडीच्या बाजूने पायी चढली. साहजिकच उदाजी पहिला पोचला, सगुणा दुसरी. पण कापूरची छाती धडधडत होती. त्याने गुडघे टेकले आणि डोळे मिटले. पाण्यातली वाटी हळूहळू भरत होती.

सगुणाने शेवटचं फूल मुठीत धरलं.

"सगू," बा कापऱ्या आवाजात म्हणाला, "त्यो बरा झाला तर कुरन त्याचं हुईल. आपली कोकरं उपाशी हायती, पोरी."

सगुणाला कोकरं आठवली. तिचे डोळे भरून आले. "आये, काय करू?"

"मला काय इचारतीस? घोडीला इचार."

सगुणाने कानात विचारलं. जोंधळीने एकदा कापूरकडे पाहिलं आणि मान डोलावली. फूल झळाळलं. कापूर उठला. वैद्यांनी कान लावला. "शांत! वाटी बुडायच्या आत!"

बाने कपाळाला हात लावला. उदाजी ऐटीत लगाम सोडून चालू लागला. एक पाऊल, दोन, वीस! मागे वळून पाहतो तर काय, कापूर जागचा हललाच नव्हता. उदाजीने हाक मारली, चुचकारलं. कापूरने नाक फेंदारलं आणि तो सरळ सगुणाजवळ जाऊन उभा राहिला.

मग सगुणा चालली. जोंधळी रोजच्यासारखी मागोमाग निघाली. तिच्यामागे कापूरही निघाला.

"कुरण सगुणाचं!" राजा टाळ्या पिटत ओरडला. आय हसली, बा मात्र ढसाढसा रडला.

उदाजी मान खाली घालून उभा होता. सगुणा त्याला म्हणाली, "दादा, चढ आला की उतरायचं. मग त्यो येतोय मागनं."

तेवढ्यात सोनेरी झगमगाट झाला. परीने सगुणाच्या तीन काट्यांच्या जखमांवर फुंकर घातली आणि ती उजेडात विरघळून गेली. नदीकाठी कोकरं पोटभर दूध पिऊन उड्या मारू लागली.

अजूनही त्या राज्यात चढ आला की राजासुद्धा घोड्यावरून उतरतो, आणि घोडा आपण होऊन त्याच्या मागे येतो.